आधीच मिळवलेला तास

मी कुणाला घाबरून गप्प बसणारी बाई नाही, हे आधी सांगते. सत्तावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली, तीनशे पोरांना उकडलेला कोबी खायला लावला, आणि खुद्द मुख्याध्यापकांनाही कधी रांग मोडू दिली नाही. नोरीन बॅरोच्या जिभेला हाड नाही, असं आमच्या हॅल्डसाइड गावात कुणीही सांगेल. आणि तीच मी त्या बुधवारी तोंड शिवून बसले. मे महिन्यातली गोष्ट आहे ही.

आमची बुधवारची चालणारी मंडळी आहे. सगळे निवृत्त, सगळ्यांच्या पाठीवर पिशवी, पिशवीत थर्मास, आणि अंड्याची सँडविचं फॉइलमध्ये गुंडाळलेली. पुढं मिस्टर टिंडल. हे पूर्वी आमचे पोस्टमास्तर होते. अठरा वर्षं मंडळी त्यांच्या मागून चालतेय. गळ्यात शिट्टी, हातात काठी, आणि मोजे पँटच्या वर ओढलेले. त्यांनी डावीकडे म्हटलं की डावीकडे. माझ्या पहिल्याच वर्षी मी एकदा म्हणाले होते की तो बगळा नाही, करकोचा आहे. टिंडलनी मग संध्याकाळपर्यंत माझ्याशी अवाक्षर काढलं नाही. बाकीच्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी जणू कुणाच्या तरी स्वच्छ टेबलक्लॉथवर चहा सांडलाय. तेव्हापासून त्यांना काही सुचवायचं नाही, हे मी शिकले. आमच्याकडं भांडण परवडतं, पण चारचौघांत एखाद्याला चूक ठरवणं परवडत नाही.

त्या बुधवारी आम्ही स्कार बेटावर जाणार होतो. बेट किनाऱ्यापासून अडीच मैलांवर. ओहोटीला मधला समुद्र मागं जातो आणि वाळू उघडी पडते. वाळूत खांब रोवलेले आहेत, त्यांच्या कडेनं चालत जायचं, बेटावर डबा खायचा, खडकावर लोळणारे सील प्राणी बघायचे आणि पाणी यायच्या आत परत फिरायचं. मी माझ्या बहिणीला, विनीला, बरोबर घेतलं होतं. विनी माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी. अकरा आठवड्यांपूर्वी तिच्या कमरेचा सांधा बदलला होता. तेव्हापासून ती माझ्याच घरी राहत होती आणि खिडकीपाशी बसून फुलझाडांच्या बियांची पुस्तकं चाळायची. डॉक्टर म्हणाले होते, सपाट जमिनीवर खूप चाला. मी म्हटलं, समुद्राच्या तळाइतकी सपाट जमीन तुला कुठं मिळणार आहे? ती नको नको म्हणत होती. मीच हट्ट केला. "किती दिवस खुर्चीला चिकटून बसणारेस? उद्या तुझ्यावर कापड टाकून लोक तुला फर्निचर समजतील," असंही बोलले. ती हसली आणि बूट घालायला लागली. बूट मीच बांधले, कारण तिला वाकता येत नव्हतं.

आता घड्याळाचं सांगायला हवं. मार्च संपता संपता उन्हाळ्याच्या लांब उजेडासाठी आम्ही सगळेच घड्याळं एक तास पुढं करतो. समुद्राला त्याचं सोयरसुतक नाही, म्हणून आमची भरती-ओहोटीची पुस्तिका वर्षभर जुन्याच वेळेनं छापलेली असायची, आणि उन्हाळ्यात प्रत्येकानं मनातल्या मनात त्यात एक तास मिळवायचा. इथल्या पोरांना हे पाढ्यांच्याही आधी येतं. यंदा मात्र पुस्तिका नव्या माणसानं काढली होती. पेपरवाल्याच्या दुकानातून मी ती दोन पौंडांना आणली आणि न्याहारीला टोस्ट खाता खाता उघडली. पहिल्याच पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की वाचकांच्या सोयीसाठी उन्हाळ्याचा तास आधीच मिळवलेला आहे. मी मनात म्हटलं, चला, एक कटकट गेली.

साडेनऊला वाळूच्या तोंडाशी सगळे जमलो. टिंडल, गार्नेट नवरा-बायको, फिलिस आणि आम्ही दोघी बहिणी, असे सहाजण. टिंडलनी पुस्तिका उघडली, चष्मा कपाळावर चढवला आणि जाहीर केलं की वाट दीड वाजेपर्यंत मोकळी, त्यात एक तास मिळवला की अडीच, म्हणजे आपल्याला भरपूर वेळ आहे.

त्यांच्या हातातली पुस्तिका नवीच होती, निळ्या कव्हरची, माझ्या पुस्तिकेसारखीच, म्हणजे तिच्यात तास आधीच मिळवलेला. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण टिंडल काठी आपटून निघाले, त्यांच्यामागं गार्नेट, आणि मला तो करकोचा आठवला. मी स्वतःची समजूत घातली की एवढा अनुभवी माणूस, पहिलं पान वाचल्याशिवाय राहील का? मीच चुकीचं वाचलं असेल. चष्मा तरी कुठं लावला होता मी? लावला होता. चांगला लावला होता.

जाताना सगळं छान होतं, हेच तर वाईट. वाळू घट्ट होती, ऊन पडलं होतं, विनी माझ्या दंडाला धरून रमतगमत चालली आणि मध्येच म्हणाली की तिला पुन्हा माणसात आल्यासारखं वाटतंय. वाटेत किनाऱ्यापासून पाऊण मैलावर एक लाकडी खोली आहे, चार उंच खांबांवर उभी, शिडी लावलेली. पाण्यात अडकलेल्यांसाठी ती बांधलीय. त्या खोलीच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये एक खोलगट ओहळ आहे. तो सगळ्यात शेवटी रिकामा होतो आणि सगळ्यात आधी भरतो. आम्ही तो घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडला. गार्नेट शिडीकडं बोट दाखवून म्हणाला, मूर्खांची खोली. सगळे हसले, मीही हसले.

बेटावर बसून डबे उघडले. समोर खडकावर सील पसरले होते, जेवण झाल्यावर माझा नवरा पसरायचा तसे. टिंडल म्हणाले की बाराला पूर्ण ओहोटी असेल, तेव्हा खडक सगळ्यात मोठा दिसेल. बारा वाजले. खडक मोठा झालाच नव्हता. सव्वाबाराला मला तो लहान वाटला. साडेबाराला तर कडेचे दोन सील पाण्यात घसरले, कारण त्यांच्या खालचा खडकच नाहीसा झाला होता. हातातलं सँडविच मी परत फॉइलमध्ये गुंडाळलं. मी पुस्तिका आणलीच नव्हती, ती राहिली टोस्टच्या बशीशेजारी. मी टिंडलकडं गेले आणि म्हटलं की विनी हळू चालते, तेव्हा आपण जरा लवकर निघूया का? तेवढंच म्हटलं. तास चुकलाय, हे म्हटलं नाही. विनीच्या कमरेआड लपले मी.

ते समजुतीनं म्हणाले, "मिसेस बॅरो, घाई केली की म्हातारी माणसं पडतात. दीडला निघू. तरी तासभर हातात राहील." आणि मला बिस्किट दिलं. मी ते घेतलं, आभारही मानले. पुढचा तासभर मी काय बोलत होते, काय ऐकत होते, मला आठवत नाही. माझं सगळं लक्ष त्या खडकावर होतं.

दीडला निघालो. समोरच्या वाटेवर समुद्र कुठंच दिसत नव्हता, सगळीकडं वाळूच. मला वाटलं, बघ, उगाच घाबरलीस. पण विनी तिच्या वेगानं चालणार, आणि बाकीचे सभ्यपणानं तिच्याच वेगानं चालणार. पंधरा-वीस मिनिटांनी डाव्या हाताला वाळूवर एक चकाकती रेघ दिसली. फिलिस म्हणाली, किती सुंदर. ती रेघ रुंद होत होती. आवाज असा काहीच नव्हता. लाटा आपटत येतील, फेस दिसेल, अशी तुमची कल्पना असेल तर ती सोडा. आमच्याकडं पाणी चोरासारखं येतं, आधी मागच्या दारानं. थोड्या वेळानं बुटाखालची वाळू मऊ लागायला लागली. टिंडल भरभर चालायला लागले आणि घड्याळ बघायला लागले, मग घड्याळ बघायचंच बंद केलं.

खोलीपाशी पोचलो तेव्हा अडीच वाजत आले होते आणि पुढचा ओहळ भरून वाहत होता. सकाळी घोट्याएवढा होता, आता नदी झाला होता, मातकट, जोरात आत धावणारा. गार्नेट दोन पावलं आत गेला आणि मांडीपर्यंत बुडून धडपडत परत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. टिंडल हळू आवाजात म्हणाले की वर चढावं लागेल. मूर्खांची खोली हे शब्द मात्र या वेळी कुणी उच्चारले नाहीत.

शिडी अगदी उभी होती, लोखंडी, एकेक पायरी गुडघ्याच्या वर. फिलिस चढली, गार्नेटबाई चढली, गार्नेट चढला. मग विनीची पाळी. तिनं दोन्ही हातांनी कठडा धरला, डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि नव्या सांध्याचा उजवा उचलायला गेली. तो पाय वर येईचना. मी खालून ढकललं, गार्नेटनं वरून ओढलं, तेव्हा ती किंचाळली. तिला असं किंचाळताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. सांधा निसटेल म्हणून आम्ही तिला खाली घेतलं. तेवढ्यात पाणी पोटरीपर्यंत आलं होतं, बर्फासारखं गार.

मी वर बघून ओरडले की बचावबोटीला फोन लावा. फिलिसच्या हातात फोन होता. आणि काय सांगू, हसावं की रडावं कळत नाही, वर चर्चा सुरू झाली. गार्नेटबाईचं म्हणणं की बचावबोटीवाले सगळे बिनपगारी, आपापल्या कामाधंद्याची माणसं, कुणी नळदुरुस्तीवाला, कुणी शिक्षक, भर दुपारी त्यांना हातातलं काम टाकून धावायला लावायचं म्हणजे कसंसंच वाटतं. जरा थांबून बघूया का, पाणी कदाचित इथवरच येईल. आणि माझी बहीण, गुडघाभर पाण्यात दातावर दात आपटत उभी असलेली माझी बहीण म्हणाली, "नोरीन, उगीच त्यांना त्रास नको गं. मी उभी राहीन."

मग मात्र माझं तोंड सुटलं. स्वयंपाकघरातसुद्धा कधी वापरले नव्हते ते शब्द मी फिलिसला ऐकवले. तिनं रडत रडत फोन लावला. पलीकडून सांगितलं, पंचवीस मिनिटं लागतील, सगळ्यांनी वर राहा.

सगळ्यांनी वर राहा.

टिंडल शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होते. मी विनीला पाठीमागून धरलं, माझे दोन्ही हात तिच्या पोटावर, आणि तिला खांबाला टेकवलं. तिच्या कानात मी सारखं सांगत होते की आलीच बोट, आलीच. ती थरथर कापत होती, की मी कापत होते, कळत नव्हतं. पाणी मांडीला आलं. मग कमरेला आलं. आता ते नुसतं चढत नव्हतं, ओढत होतं. कुणीतरी स्कर्टला धरून खेचावं तसं. माझ्या मनात पुन्हा पुन्हा तेच येत होतं, तू वाचलं होतंस, तुला माहीत होतं, तूच हिचे बूट बांधलेस.

आणि मग माझ्या पायाखालची वाळू गेली. खांबांच्या बुडाशी पाणी वाळू पोखरतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. उजवा पाय घोट्यापर्यंत आत गेला. काढायला गेले तर डावा गेला. वाळूनं पोटऱ्या आवळल्या. पाणी छातीला लागलं आणि माझा श्वासच अडकला.

पुढचं मी जसं झालं तसंच सांगते. मी विनीला सोडलं. विचार करून सोडलं असं म्हणायचीही सोय नाही, कारण विचार नव्हताच, नुसती भीती होती. मी दोन्ही हातांनी शिडी धरली, पाय उपटले, एक बूट आतच राहिला, आणि मी चढले. चढताना माझं कोपर विनीच्या तोंडाला लागलं. तिनं दोनदा माझ्या कोटाची बाही धरली. मी ती झटकली. दोन्ही वेळा झटकली.

टिंडल मला ओलांडून खाली उतरले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शहात्तर वर्षांचा माणूस, पाठीवरच्या पिशवीचा पट्टा सोडवून पाण्यात शिरला, विनीच्या काखेखालून पट्टा घेऊन खांबाला बांधला, आणि तिच्या मागं उभा राहून तिची हनुवटी वर धरून ठेवली. मी वर फळ्यांवर पालथी पडून फटीतून बघत होते. पाणी त्यांच्या खांद्यापर्यंत आलं. ते तिला काहीतरी सांगत होते, एकसारखं, हळू आवाजात. नंतर कळलं की पोस्टात असताना पाठ केलेल्या गावातल्या गल्ल्यांची नावं क्रमानं म्हणत होते, आणि तिला पुढचं नाव विचारत होते. विनी उत्तरं देत होती. तिचा आवाज बंद झाला की मी फटीला कान लावायचे. मी देवाचं नाव घेतलं, चर्चमध्ये वर्षातून एकदा नाताळला जाणारी मी. पुन्हा खाली उतरावं असंही मनात आलं. नुसतं मनातच आलं. बोटं फळीवरून सुटली नाहीत.

बोट आली तेव्हा विनीच्या तोंडावर पाणी येत-जात होतं. पट्टा कापून दोघांना वर घेतलं. टिंडलची बोटं तिच्या कोटावरून सुटेनात, एकेक उचलून सोडवावी लागली.

बचावबोटीच्या शेडमध्ये आम्हाला घोंगड्यांत गुंडाळून बाकांवर बसवलं. मी विनीच्या शेजारी बसले. तिच्या ओठाला माझ्या कोपरानं चीर पडली होती, तिथं रक्त सुकलं होतं. समोर टिंडल बसले होते, निळ्या ओठांनी, एकदम म्हातारे दिसत होते. शिट्टी गळ्यात तशीच होती. एक तरुण मुलगी फॉर्म घेऊन आली, आवाज फार मायाळू होता तिचा. वेळ कशी चुकली, हे तिनं विचारलं. टिंडल म्हणाले, चूक एकट्या माझी, मी तास दोनदा मिळवला, पहिलं पान कुणी वाचतं का हो. ते ऐकून मी मला दिलेला चहाचा कप तोंडाला लावला.

मग तिनं विनीला विचारलं की पाण्यात तुमच्याबरोबर कोण होतं.

विनीनं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, "माझी बहीण. पूर्ण वेळ तिनंच धरून ठेवलं होतं."

मी टिंडलकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलावं त्यांनी, तेच बरोबर होतं. त्यांनी हातातला कप बाकावर ठेवला. मग म्हणाले, "हो. मिसेस बॅरोच होत्या."

मुलीनं तसं लिहून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली की फार धीराच्या आहात. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं, पुस्तिका, बाही, कोपर, सगळं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, चहात साखर जरा जास्त झालीय. ती म्हणाली, धक्का बसलेल्यांना गोडच देतो आम्ही.

ती गेल्यावर मी घोंगडीखालून विनीचा हात धरायला गेले. तिनं तो हळूच काढून घेतला आणि कप दोन्ही हातांनी धरला.